ब्लोअर बोंबलतोय? आधी तोंडावरचा एल्बो बघा

नवी तूर बाजारात आली आणि लातूर-उदगीरकडच्या डाळ मिल दोन पाळ्यांत चालू झाल्या, की आम्हा ब्लोअर बनवणाऱ्यांकडे, म्हणजे भुसा ओढणारे मोठे पंखे बनवणाऱ्यांकडे, एकाच गोष्टीसाठी फोन येतात : "ब्लोअर फार आवाज करतोय, बेअरिंग गेलंय, माणूस पाठवा." फिटर जातो, बेअरिंग उघडतो, ते ठणठणीत निघतं. तुमची मिल अर्धा दिवस बंद राहते आणि आवाज होता तसाच राहतो.

बहुतेक वेळा दोष सक्शनच्या, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या तोंडाशी असतो. जागा कमी म्हणून पाइप वरून आणतात आणि ब्लोअरच्या तोंडावरच काटकोनी एल्बो, म्हणजे पाइपाचं वळण, बसवतात. वळणात हवा बाहेरच्या कडेला दाटते, आतल्या कडेला विरळ होते, आणि तशीच इम्पेलरवर, म्हणजे पात्यांच्या फिरत्या चाकावर जाते. मग प्रत्येक पात्याला फेऱ्याच्या एका भागात जोराची हवा लागते, दुसऱ्या भागात मंद. पात्यावरचा दाब सतत वर-खाली होतो आणि तोच आवाज होऊन बाहेर पडतो. त्याचा सूरही आधी सांगता येतो : पाती गुणिले आरपीएम (मिनिटाचे फेरे), भागिले ६०. आठ पात्यांचा ब्लोअर १८०० आरपीएमवर २४० हर्ट्झचा सूर धरतो.

हे आमच्या पदरचं नाही. वाहत्या हवेतून आवाज कसा निघतो याचं गणित मँचेस्टरचे प्राध्यापक जेम्स लाइटहिल यांनी १९५२ साली मांडलं. फोक्स विल्यम्स आणि हॉकिंग्ज यांनी १९६९ साली ते हलत्या पृष्ठभागांना, म्हणजे फिरत्या पात्यांनाही लागू करून दिलं. पंख्याचा आवाज तो बनवण्याआधीच ताडायचा, तर अभियंते आजही याच समीकरणांचा आधार घेतात.

एल्बोमुळे हवा कमी पडते, भुसा नीट ओढला जात नाही. मग मिस्त्री मोटारीची पुली मोठी करतो. खरं नुकसान इथे होतं. वेग २० टक्के वाढवला तर हवा २० टक्केच वाढते, पण मोटारीवरचा भार सुमारे ७३ टक्क्यांनी चढतो आणि आवाज ४ डेसिबलने वाढतो. ४ हा आकडा लहान दिसतो, पण ध्वनीची ऊर्जा त्यात अडीच पट होते. मोटार तापते, पट्टे लवकर जातात, आणि कुंपणापलीकडच्या वस्तीतून तक्रार येते ती वेगळीच. २०००च्या ध्वनी नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत औद्योगिक भागाची मर्यादा ७० डेसिबल आहे, निवासी भागाची ४५. म्हणून आम्हाला विचारल्याशिवाय पुली बदलू नका, ही कळकळीची विनंती.

बेअरिंग की हवा, हे ओळखायला काही खोलावं लागत नाही. ब्लोअर चालू असताना स्विच बंद करा आणि कान द्या. गुणगुण त्याच क्षणी थांबली तर ती मोटारीची, विजेची. सूर वेगाबरोबर खाली उतरत लवकर विरला तर तो हवेचा. इम्पेलर अगदी हळू फिरत असतानाही खरखर ऐकू येत असेल तर बेअरिंग बघायला आम्ही लगेच येतो.

उपाय साधा आहे. तोंडाच्या व्यासाच्या निदान तिप्पट लांबीचा सरळ पाइप तोंडापुढे हवा. बारा इंची तोंडाला तीन फूट. त्याहून जास्त मिळाला तर उत्तमच. एवढीही जागा नसेल तर आम्ही आत वळणपट्ट्या असलेला एल्बो बनवून देतो, हवा त्यातून बरीच सारखी होऊन आत जाते. रबर पॅड जरूर बसवा, पण त्याने पायातून जाणारी थरथर कमी होते, हवेचा आवाज नाही. काचलोकर भरलेला सायलेन्सर भुशाच्या लायनीवर आम्ही देत नाही, मागितला तरी. काही दिवसांत तो धुळीने भरतो आणि निकामी होतो.

"जीभ जवळ घ्या, हवा वाढेल" असंही काही जण सांगतात. जीभ म्हणजे हवा बाहेर पडते तिथे इम्पेलरजवळ येणारी ब्लोअरच्या पत्र्याची कड. थोडी वाढतेही, पण पातं जिभेच्या फार जवळून गेलं की तोच सूर आणखी चढतो. ते अंतर आम्ही विचार करून ठेवलेलं असतं.

दुसऱ्या ब्लोअरवाल्यांकडे फोनवरच भाव मिळतो, तुम्ही पाइपाचं माप कशाला मागता, असं आम्हाला विचारलं जातं. पाइप कुठून येतो, किती वळणं आहेत हे कळल्याशिवाय दाब काढता येत नाही, आणि दाब न काढता दिलेला ब्लोअर पुढे वेग वाढवूनच चालवावा लागतो. आम्ही जमेल तिथे मोठा इम्पेलर कमी वेगावर देतो. पत्रा जास्त लागतो, किंमत थोडी चढते, पण वीजबिलात आणि आवाजात फरक दिसतो.

तक्रार कळवताना सक्शनच्या तोंडाचा फोटो, दोन्ही पुलींचा व्यास, मोटारीचे अँपिअर आणि स्विच बंद करतानाचा मोबाइल व्हिडिओ पाठवा. फोटोत तोंडावरच एल्बो दिसला तर फिटर येताना वळणपट्ट्यांचा एल्बो घेऊनच निघतो, म्हणजे त्याच फेरीत काम होतं. जुना ब्लोअर आमचा नसला तरी चालेल.