औषधी वनस्पतींच्या अर्कांची कर्करोगविरोधी क्षमता (खानदेश)

वनस्पतीची पाने, साल, मूळ किंवा डिंक यांतून काढलेल्या अर्कात कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखणारे घटक आहेत का, याचा शोध घेणारा संशोधनविषय. खानदेशात म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत त्याला आधार आहे तो सातपुड्याचा. सालई, बिब्बा, गुळवेल, कळलावी या वनस्पती तिथे आढळतात आणि पावरा, भिल्ल व तडवी समाजांतील जाणत्यांना वनौषधींची पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती आहे.

या क्षेत्रातले एक फार मोठे नावही खानदेशचेच आहे. नंदुरबार येथे जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी (1925–2020) यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासह एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन (1966) आणि पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल (1971) ही संयुगे शोधली. टॅक्सॉलला बीजांडकोशाच्या कर्करोगावरील औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली ती 1992 मध्ये. कॅम्प्टोथेसिन मूळ रूपात फार विषारी ठरले. त्यापासून बनवलेली टोपोटेकान व इरिनोटेकान ही औषधे 1996 मध्ये आली. पुढे कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही सापडले. ही कामगिरी खानदेशातल्या शाळांमधून आवर्जून सांगितली गेली पाहिजे.

प्राथमिक चाचणी तशी साधी असते. पाने सावलीत वाळवून भरड दळतात, सॉक्सलेट उपकरणात मिथेनॉलसारख्या द्रावकाने अर्क काढतात आणि द्रावक उडवून देतात. उरलेला चिकट अर्क ठरावीक मात्रेत प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या कर्कपेशींवर घालतात. नंतर एमटीटी हे पिवळे रंगद्रव्य मिसळतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. जांभळा रंग जितका फिका, तितक्या जिवंत पेशी कमी. निम्म्या पेशींना रोखायला किती अर्क लागला, यावरून त्याची ताकद ठरते.

‘अमुक पाल्याने कॅन्सर बरा होतो’ अशा बातम्या बहुधा याच टप्प्यावरून निघतात, आणि खरा धोका इथेच आहे. बिब्बा उतला की अंगावर फोड येतात, हे सातपुड्याच्या पायथ्याशी कोणाला सांगावे लागत नाही. त्याचे तेल बशीतल्या कर्कपेशीही मारते. पण जे कातडी जाळते, ते निरोगी पेशींना सोडेल कसे? म्हणून सोबत निरोगी पेशींवर चाचणी हवी, मग प्राण्यांवर आणि शेवटी रुग्णांवर. कळलावीतले कोल्चिसिन पेशीविभाजन थांबवते, पण त्याच्या विषारीपणामुळे कर्करोगावरचे औषध म्हणून ते वापरात आले नाही.

अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिनब्लास्टिन व व्हिन्क्रिस्टिन ही औषधे मिळतात; मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही दिले जाते. सुमारे 500 किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम 1 ग्रॅम व्हिनब्लास्टिन निघते, आणि ते शुद्ध करून, मोजून शिरेतूनच द्यावे लागते. त्यामुळे घरी पाने चावून किंवा काढा पिऊन या औषधांचा उपचार होत नाही. पानांत इतरही विषारी अल्कलॉइडे असतात, शिवाय काही वनस्पती यकृतातील विकरांवर (एन्झाइमांवर) परिणाम करून केमोथेरपीच्या औषधांचे रक्तातील प्रमाण बदलतात. उपचार चालू असताना कोणताही पाला किंवा काढा घेतला असेल, तर तो डॉक्टरांना नावानिशी सांगावा.