स्क्रोल करवतीचे जाळीकाम (बडोदे)

स्क्रोल करवतीचे जाळीकाम : अतिशय अरुंद पात्याच्या, खालीवर धावणाऱ्या करवतीने पातळ लाकडी फळीत वळणदार नक्षी, अक्षरे किंवा जाळी कापण्याचे काम. हातातल्या कमानीने केले की त्याला सामान्यतः फ्रेटवर्क म्हणतात. पायट्यावर किंवा विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या यंत्राला स्क्रोल सॉ म्हणतात. येथे मुख्यतः बडोद्यातील मराठी कुटुंबांत, गॅरेजात किंवा जिन्याखाली मांडलेल्या टेबलावर, छंद म्हणून चालणाऱ्या कामाचा विचार केला आहे.

उगम : याविषयी मतभेद आहेत. पंधराव्या शतकातील इटालियन जडावकामाचे (लाकडात वेगळ्या रंगाचे लाकूड बसवून केलेल्या नक्षीचे) तुकडे मुख्यतः सुरीने कापलेले असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. करवतीने तसे कापायचे तर पाते जागच्या जागी वळण्याइतके अरुंद हवे आणि ताण दिल्यावर तुटताही कामा नये. असे पोलादी पाते सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहुधा दक्षिण जर्मनीत, घड्याळे बनवणाऱ्या कारागिरांच्या हातून तयार झाले, हे मत बरेच रूढ आहे. आउग्सबुर्ग शहराचे नाव या संदर्भात वारंवार येते. मात्र नेमके वर्ष सांगणाऱ्या हकिकती जपूनच घ्याव्यात. दुसरा पक्ष या करवतीचा संबंध फ्रेंच फर्निचर-कारागीर आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) याच्याशी जोडतो. बूलने पितळ आणि कासवाच्या पाठीचा पत्रा एकावर एक ठेवून एकदमच कापण्याची रीत पूर्णत्वाला नेली, यात शंका नाही. पण रीत पूर्णत्वाला नेणे वेगळे आणि औजार शोधणे वेगळे. कालक्रम पाहता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूबो या फ्रेंच सुतार-लेखकाने अशा करवतीचे आणि तुकडा धरणाऱ्या शिकंज्याचे तपशीलवार वर्णन केले आहे.

याच काळात, सु. १७६० नंतर, लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने लाकडावर चिकटवलेले नकाशे देशांच्या सीमांवरून कापून, पुन्हा जुळवायची कोडी म्हणून मुलांसाठी विकायला सुरुवात केली. आद्यत्वाचा मान काही जण लप्रँस द बोमाँ या शिक्षिकेला देतात. कसेही असले तरी ती कामे हातकरवतीचीच होती.

छंद म्हणून प्रसार झाला तो पायट्याच्या यंत्रामुळे. अमेरिकेत इलिनॉयमधील रॉकफर्ड येथील बार्न्स बंधूंची यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघर पोहोचली. इंग्लंडमध्ये नॉर्फकमधील डेरहम येथील ‘हॉबीज’ कंपनीने १८९५ पासून साप्ताहिकच काढले. शिलाई यंत्राप्रमाणे पायाने चालणारे हे यंत्र बैठकीच्या खोलीतही ठेवता येई.

बडोद्याची पार्श्वभूमी : येथील जाळीकामाचे मूळ गुजरातच्या हवेल्यांत आहे, असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा हे त्यासाठी हमखास दिले जाणारे उदाहरण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा चार मजली वाडा भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असला, तरी त्याचे लाकडी खांब आणि घोडेही (छज्जा तोलणारे कोरीव टेकू) तितकेच पाहण्याजोगे आहेत. परंतु हवेलीचे कोरीवकाम जाड सागावर पटाशीने केलेले असते. उंचसखलपणा हा त्याचा प्राण. जवळून पाहिल्यास पानाच्या कडेला पटाशीचे लहान लहान चपटे घाव ओळखू येतात. करवतीच्या जाळीला खोली नसते. तिची आतली भिंत काटकोनात सरळ उतरते आणि तिच्यावर दात्यांच्या बारीक आडव्या रेघा उमटलेल्या असतात. १८८१ मध्ये लॉकवूड डी फॉरेस्ट आणि मगनभाई हठीसिंग यांनी अहमदाबादेत काढलेल्या वुड कार्व्हिंग कंपनीचा मालही मुख्यतः कोरीवकामाच्याच परंपरेतला. संखेड्याचे लाखकाम तर खरादावरचे, म्हणजे तिसरेच घराणे. या तिन्हींचा करवतीच्या जाळीशी असलेला संबंध नक्षीच्या आकृतीपुरता धरावा, औजाराचा धरू नये.

सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या काळात १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन ही तंत्रशिक्षण संस्था सुरू झाली. पुढे ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशाखेत विलीन झाली. या संस्थेने शहरात ड्रॉइंग आणि हातकौशल्याला जी प्रतिष्ठा दिली, तिचा छंदाच्या वातावरणाशी संबंध असावा. त्यापलीकडे थेट वंशावळ जोडणे धाडसाचे ठरेल. त्यापेक्षा कारखान्यांतून निवृत्त झालेला, मायक्रोमीटर हाताळलेला वर्ग हे कारण अधिक पटण्यासारखे आहे.

यंत्र : जुन्या यंत्रांत पात्याचे खालचे टोक भुजेला आणि वरचे स्प्रिंगला जोडलेले असे; ताण प्रत्येक फेऱ्यात बदले आणि बारीक पाती पटापट तुटत. १९७० च्या दशकानंतर वर-खाली दोन समांतर भुजा असलेली, ताण कायम राखणारी यंत्रे रूढ झाली. सध्या तीन रचना आढळतात. इंग्रजी सी अक्षरासारखी एकच भुजा असेल तर पाते किंचित कमानीत फिरते आणि जाड लाकडात कड लहरी येते. समांतर भुजांत पाते जवळजवळ उभेच राहते. तिसऱ्या प्रकारात लांब भुजा आडव्या सरकतात आणि पुढच्या टोकाचे छोटे सांधे पाते हलवतात. हलणारे वजन कमी झाल्याने थरथर कमी. डिवॉल्ट कंपनीचे डीडब्ल्यू७८८ हे या रचनेचे बहुचर्चित यंत्र. त्याचा गळा (पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचे अंतर) २० इंच आणि वेग मिनिटाला ४०० ते १,७५० फेरे. घरगुती वापराच्या स्वस्त यंत्रांचा गळा बहुधा १६ इंच असतो. यंत्र हलक्या टेबलावर ठेवल्यास टेबलच नाचते, म्हणून जड लाकडी ओट्यावर बोल्टने आवळतात.

पाते ५ इंच लांब. टोकांना आडवी पिन असलेली पाती बसवायला सोपी, पण पिन आत जायला सु. ५ मिमी. भोक लागते, नाजूक जाळीत तेवढी जागाच नसते. बिनपिनेचे बारीक पाते मिलिमीटरभर भोकातूनही जाते. जाळीतील प्रत्येक बंद घरासाठी आधी भोक पाडायचे, पाते वरून सोडवून त्यातून ओवायचे, ताण द्यायचा, तुकडा कापायचा आणि पुन्हा सोडवायचे. शंभर घरांच्या जाळीत हा उद्योग शंभरदा. नवशिक्यांचा धीर कापण्यात नव्हे, इथे सुटतो. ताण पुरेसा आहे की नाही हे पात्याला टिचकी मारून, निघणाऱ्या सुरावरून ओळखतात.

ठोकून काढलेल्या पात्यांच्या एका कडेला सूक्ष्म कंगोरा राहतो, त्यामुळे पाते एका बाजूला ओढते. रेषेवर राहण्यासाठी फळी काही अंश तिरकी धरूनच पुढे सारावी लागते. हे माहीत नसलेला माणूस यंत्राला दोष देत बसतो. पात्याचा फेरा जेमतेम पाऊण इंचाचा असल्याने दात्यांचा एक पट्टाच झिजतो. फळीखाली प्लायचा तुकडा ठेवून तिला उचलले की वरचे कोरे दात कामी येतात.

जडावकामासाठी टेबल तिरपे करतात. दोन वेगळ्या रंगांची लाकडे एकावर एक ठेवून एकदमच कापली की वरचा तुकडा खालच्या भोकात घट्ट बसतो. कोन किती, हे पात्याची चीर (कापताना पडणाऱ्या फटीची रुंदी) आणि फळीची जाडी यांच्या प्रमाणावर ठरते : चीर ०.५ मिमी. आणि फळी ६ मिमी. असेल तर सु. ५ अंश. व्यवहारात आधी टाकाऊ तुकड्यावर कापून पाहतात.

देवनागरी अक्षरे : दारावरची नावाची पाटी हे घरगुती कामांतले सर्वांत प्रचलित. शिरोरेषेमुळे देवनागरी शब्द एकसंध निघतो. रोमन अक्षरे सुटी सुटी कापून चिकटवावी लागतात. ‘पवार’ या शब्दात आतली भोके दोनच, प आणि व यांची. अनुस्वार, आद्याक्षरांनंतरचे पूर्णविराम आणि ॐ वरील चंद्रबिंदू मात्र अधांतरी राहतात. त्यांना नाजूक पूल ठेवून जोडतात किंवा मागे पाठफळी लावतात. पूल ठेवलेला चंद्रबिंदू सहसा ओबडधोबड दिसतो, पाठफळी बरी. शब्द उलट, म्हणजे फळीत आरपार कोरायचा असेल तर अक्षरांची पोटे गळून पडतात आणि तिथेही पूल लागतात.

इतर कामांत देवघराची जाळी, दिव्याचे आडोसे, मुलांची कोडी आणि गणपतीचे मखर येते. थर्माकोलऐवजी खाचेत खाच बसवून उभे राहणारे, उत्सवानंतर सपाट करून माळ्यावर टाकता येणारे प्लायचे मखर विशेष सोयीचे.

लाकूड : लातीतून (लाकडाच्या वखारीतून) मिळणारे सागाचे उरलेले तुकडे, शिसम, शिवण, ६ मिमी.चा प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी). जुन्या घरांच्या पाडकामातला साग उत्तम, पण त्यात मोडून राहिलेला खिळा एका क्षणात पाते संपवतो. आधी लोहचुंबक फिरवावे. प्लायमधील गोंद दाते लवकर बोथट करतो. नक्षीचा कागद लावण्याआधी किंवा नंतर फळीवर पारदर्शक चिकटपट्टी लावल्यास शिसमासारख्या कठीण लाकडात कड जळत नाही.

धोके : ही करवत इतर यंत्रकरवतींपेक्षा सौम्य, बोट कापले तरी जखम बहुधा वरवरची. खरा धोका धुळीचा. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणली आहे. बारीक पात्याचा भुसा पिठाइतका मऊ असतो आणि बंद गॅरेजात बराच वेळ तरंगतो. रुमाल पुरत नाही, मास्क हवा.

बडोद्यात पावसाळ्याचा विचार निराळा करावा लागतो. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात तळमजल्यावरच्या असंख्य घरांत पाणी शिरले (आणि काही वस्त्यांत मगरीही). त्यामुळे नदीकाठच्या वस्त्यांत यंत्र उंच ओट्यावर आणि लाकूड भिंतीवरच्या फळ्यांवर ठेवणे शहाणपणाचे. भिजलेला एमडीएफ फुगतो आणि पूर्ववत होत नाही. साग सावलीत, तुकड्यांमध्ये पट्ट्या घालून वाळवल्यास बहुधा पुन्हा वापरता येतो. पाण्यात गेलेली मोटार पूर्ण सुकवून, तपासून घेतल्याशिवाय सुरू करू नये.