चतुर्थीचा चंद्र आणि कृष्णावरचा आळ

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला संध्याकाळी आभाळाकडे बघू नको, असं घरातली मोठी माणसं आजही बजावतात. चंद्र दिसला तर चोरीचा आळ येतो. एरवी संकष्टीला चंद्रोदयाशिवाय उपास सुटत नाही. या चतुर्थीला मात्र तोच चंद्र नको. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांच्या 1790 मधल्या ‘धर्मसिंधु’तही हा दोष सांगितला आहे, आणि त्याच्या परिहारासाठी ‘सिंहः प्रसेनमवधीत्’ हा श्लोक.

हा श्लोक मुळात रडणाऱ्या पोराची समजूत काढणाऱ्या दाईचा. सत्राजिताकडे स्यमंतक मणी होता. कृष्णाने तो उग्रसेनासाठी मागितला, सत्राजिताने दिला नाही. पुढे त्याचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून शिकारीला गेला, तो परतलाच नाही. कृष्णाने मणी मागितला होता, एवढ्यावरून त्यानेच प्रसेनाला मारून मणी घेतला, अशी द्वारकेत कुजबुज सुरू झाली. दुसरा पुरावा काहीच नव्हता. मग कृष्ण स्वतःच माग काढत निघाला. प्रसेनाला सिंहाने मारलं होतं, सिंहाला जांबवंताने. मणी गुहेत त्याच्या पोराचं खेळणं झाला होता. भागवत सांगतं, 28 दिवस झुंज चालली, तेव्हा कुठे मणी हाती आला, आणि कृष्णाने तो सत्राजिताला परत दिला.

कीर्तनात गोष्ट बहुधा इथेच थांबते, पण खरी बोचणारी ती पुढेच आहे. शतधन्वा नावाच्या यादवाने सत्राजिताला मारून मणी पळवला. कृष्णाने शतधन्व्याला गाठून मारलं, पण मणी त्याच्याकडे निघाला नाही. विष्णुपुराणात खुद्द बलरामाचाही कृष्णावर विश्वास बसत नाही. तो रागावून विदेह देशी निघून जातो. मणी अक्रूर या दुसऱ्या यादवाकडे होता. कृष्णाने तो सगळ्यांदेखत दाखवायला लावला आणि परत त्याच्याकडेच ठेवू दिला.

‘आळ’ शब्दाचा नेमका अर्थ या कथेत आहे: बिनबुडाचा दोष. बालंट, किटाळ हे त्याचे सख्खे भाऊ. आळ घेतात, घालतात. तो आपसूक येतोही. आरोप खरा ठरू शकतो, आळ हा खोटाच. म्हणून ‘आळ सिद्ध झाला’ असं कुणी लिहिलं की खटकतं. ठपक्याचं तर आणखी वेगळं. तो चौकशीनंतर ठेवतात. महाराष्ट्र नागरी सेवेच्या 1979 च्या शिस्त व अपील नियमांत ठपका ही रीतसर शिक्षा आहे, आणि ती देण्याआधी कर्मचाऱ्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते.