कंट्रोल-लाइन विमान

दोन बारीक तारांच्या टोकाला बांधलेले आणि मधोमध उभ्या असलेल्या माणसाभोवती गोल घिरट्या घालणारे इंजिनाचे छोटे विमान. 'यू-कंट्रोल' हे त्याचेच दुसरे नाव. उडवणाऱ्याच्या हातात मूठ असते. मुठीच्या वरच्या व खालच्या टोकांपासून निघालेल्या दोन तारा विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकातून आत शिरतात. मनगट मागे-पुढे झुकवले की विमानाचे नाक वर किंवा खाली होते. हाताशी एवढेच नियंत्रण असते. डावी-उजवीकडची दिशा तारांनीच ठरवून टाकलेली असते. तरीही याच एका हालचालीतून कोलांट्या, उलटे उड्डाण आणि आठाचे आकडे काढता येतात.

या विमानाची तारेशी असलेली गाठ गोफणीतल्या दगडासारखी आहे. गोल फिरणारी वस्तू बाहेर निसटू पाहते आणि त्यामुळे तार ताणलेली राहते. 150 ग्रॅमचे विमान 11 मीटर तारेवर ताशी 60 किमी वेगाने फिरत असेल, तर एक फेरी साधारण चार सेकंदांत पुरी होते आणि हाताला त्याच्या वजनाच्या अडीचपटीहून अधिक ओढ जाणवते. पतंग उडवणाऱ्याला ढील देणे ही कला वाटते; इथे ढील म्हणजे अपघात. तार सैल पडली की मनगट कितीही हलवले तरी विमानापर्यंत काही पोहोचत नाही. म्हणूनच बांधणीतल्या बहुतेक युक्त्यांचे मूळ एकच असते: तार ताठ राहिली पाहिजे.

पंखाच्या मुळाशी 'बेलक्रँक' नावाची नायलॉनची किंवा अॅल्युमिनियमची छोटी त्रिकोणी पट्टी एका स्क्रूवर फिरती बसवलेली असते. तिच्या दोन टोकांना तारा जोडतात. तिसऱ्या टोकाला जोडलेली पोलादी काडी ('पुशरॉड') शेपटीवरची हलती फळी, म्हणजे एलिव्हेटर, वर-खाली करते. उड्डाणातली सगळी ओढ या एका स्क्रूवर येते. तो नुसत्या बाल्साच्या लाकडात घट्ट पिळून भागत नाही. खाली प्लायवूडचा तुकडा चिकटवावाच लागतो.

नवशिक्याचे विमान जितके साधे तितके बरे. पंख 3 मिमी जाडीच्या बाल्साच्या सपाट फळीचा, लांबी 45-50 सेंमी. धड म्हणजे त्याहून जाड फळीतून कापलेली नुसती बाजूची आकृती. बाल्सा हे मुख्यतः इक्वेडोरमधून येणारे, अत्यंत हलके लाकूड. धारदार ब्लेडने ते काकडीसारखे कापले जाते, पण बोथट ब्लेडने चुरडते. इंजिन नाकाशी प्लायवूडच्या जाड चकतीवर बसते. इंजिनातून सतत एरंडेल तेल उडत असल्यामुळे लाकडाला डोप (मॉडेल विमानांना लावायचे वार्निशसारखे रोगण) किंवा इपॉक्सीचा हात देतात, नाहीतर नाक काही दिवसांत तेल पिऊन मऊ पडते. एलिव्हेटरला बिजागरी म्हणून जाड दोऱ्याचा आठाच्या आकड्यासारखा टाका घालतात. हे जुने काम दिसायला गावठी असले तरी विकतच्या बिजागऱ्यांइतकेच टिकते. ती फळी स्वतःच्या वजनाने खाली लोंबली पाहिजे. बोटाने ढकलावी लागत असेल तर हवेत विमान उशिरा ऐकेल.

बाकीची जुळवणी तारेचा ताण राखण्यासाठीच असते. शेपटीचा उभा पंख किंचित बाहेरच्या बाजूला वळवतात. इंजिनाचे तोंडही एक-दोन अंशांनी बाहेर काढतात. आतल्या पंखावर तारांचा भार असतो, म्हणून बाहेरच्या पंखाच्या टोकाला पाचेक ग्रॅम वजन डकवतात. एखादे नाणे चालते. गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढच्या चौथाईत हवा. नाक थोडे जड असलेले विमान आळशी पण शहाणे वागते. शेपूट जड झाली तर ते पहिल्याच फेरीत डोके फिरल्यासारखे उसळते.

छोट्या विमानांत दीर्घकाळ कॅलिफोर्नियातल्या कॉक्स कंपनीचे 0.8 सीसी इंजिन सर्वाधिक दिसे. त्यात ठिणगी नसते. 1947 साली रे आर्डन यांनी बाजारात आणलेल्या ग्लो प्लगची प्लॅटिनमची तार 1.5 व्होल्टच्या सेलने लाल करतात आणि इंजिन चालू झाले की सेल काढून घेतात. मिथेनॉल, एरंडेल तेल आणि थोडे नायट्रोमिथेन असे इंधन असते. पंख्याला बोटाने झटका देताना बोटाची पेरे सोलवटणे हा या छंदाचा जवळजवळ विधीच आहे. वेग कमी-जास्त करायची सोय सहसा नसते. इंजिन दोन-तीन मिनिटे पूर्ण जोराने फिरते आणि इंधन संपले की गप्प होते. तोवर सुटका नाही.

सुटण्याआधीची महत्त्वाची तपासणी क्षणभराची आहे. मूठ हातात घेऊन वर झुकवायची आणि मदतनिसाने शेपटीकडे पाहून एलिव्हेटर वर गेला का ते सांगायचे. मूठ उलटी धरली, तर 'वर' म्हणून दिलेला इशारा विमानाला जमिनीत घालतो. पहिल्याच उड्डाणात मोडलेल्या कितीतरी विमानांचे कारण एवढेच असते, म्हणून मुठीच्या वरच्या टोकाला लाल रंग फासतात. विमान हवेत गेले की नजर त्याच्यावरच ठेवायची. मागची झाडे-इमारती पाहिल्या की भोवळ येते. हात सरळ ठेवून कोपर आणि खांद्याने सावकाश इशारे द्यायचे. नवखा मनगट झटकतो आणि विमान सापासारखे वरखाली होते. कोलांटी नेहमी वारा पाठीशी ठेवून घ्यायची, म्हणजे वाराच विमानाला बाहेर ढकलून तार ताठ ठेवतो. दर कोलांटीला तारांना एक पीळ पडतो, पण पोलादी तारा तीन-चार पिळांतही एकमेकींवरून घसरत राहतात.

या पद्धतीचे श्रेय बहुधा ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या जिम वॉकर यांना दिले जाते. त्यांच्या 'फायरबॉल' विमानाने ती लोकप्रिय केली आणि 1942 साली त्यांना पेटंट मिळाले. एक विमान प्रत्येक हातात आणि तिसरे डोक्याला बांधून ते तीन विमाने एकाच वेळी उडवून दाखवत. मात्र ओरेगॉनच्याच ओबा सेंट क्लेअर यांनी त्याआधीच बेलक्रँकचे विमान उडवले होते, आणि 1950च्या दशकात वॉकर यांनी कॉक्सविरुद्ध लढवलेल्या दाव्यात हाच मुद्दा त्यांच्या अंगाशी आला. कंट्रोल-लाइन येण्यापूर्वी इंजिनाची मॉडेल विमाने मोकळी सोडत आणि ती दूर जाऊन हरवत. तारेने ती परत आणायचा प्रश्नच संपवला आणि शाळेच्या मैदानाएवढी जागा पुरू लागली.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे चार प्रकार आहेत: वेग, कसरती, सांघिक शर्यत आणि झुंज. शर्यतीच्या तारेची लांबी 15.92 मीटर हा आकडा विचित्र वाटतो, पण त्या त्रिज्येचे वर्तुळ बरोबर 100 मीटरचे होते. 100 फेऱ्या म्हणजे 10 किमी. तीन वैमानिक एकाच वर्तुळात खांद्याला खांदा लावून फिरतात, आणि विमान उतरले की मेकॅनिक इंधन भरून ते पुन्हा सोडतो. वेगाच्या प्रकारात तार 17.69 मीटरची, तिथे नऊ फेऱ्यांचा एक किलोमीटर होतो. 2.5 सीसीची ती विमाने ताशी 300 किमीच्या आसपास जातात. फेरीला सव्वा सेकंदापेक्षा किंचित जास्त वेळ लागतो आणि ओढ वजनाच्या चाळीसपट असते, म्हणून वैमानिकाला मनगट मधल्या खांबाला टेकवावे लागते. झुंजीत विमानामागे क्रेप कागदाची पट्टी लोंबते आणि प्रतिस्पर्ध्याने ती कापायची असते. पतंगांच्या काटाकाटीचा हा इंजिनावरचा भाऊ.

आपल्याकडे हा प्रकार मुख्यतः एनसीसीच्या हवाई शाखेमुळे परिचित आहे. तिथल्या एरोमॉडेलिंग स्पर्धांत कंट्रोल-लाइनचा समावेश असतो. कलकत्त्याची 'ऑरोरा' इंजिने जुन्या हौशींना आठवतील. त्यांतली डिझेल जातीची इंजिने ईथर, रॉकेल आणि एरंडेल तेलावर चालत आणि प्लगाऐवजी डोक्यावरचा स्क्रू पिळून दाब जुळवावा लागे. आता बॅटरीवरची मोटार आणि ठरावीक वेळेनंतर ती बंद करणारा टायमर हे बिनतेलाचे बिऱ्हाड अनेकांना सोयीचे वाटते. जागा निवडताना मात्र जुना नियम कायम आहे: विजेच्या तारा जवळ असलेले मैदान कितीही मोठे असले तरी सोडून द्यायचे, कारण हातातली तार पोलादाची असते आणि मूठ सोडायला वेळ मिळत नाही.