ईश्वरानुमान

ईश्वरानुमान : श्रुती आणि श्रद्धा बाजूला ठेवून केवळ अनुमानप्रमाणाने (तर्काने) ईश्वर सिद्ध करण्याचा, मुख्यतः न्यायदर्शन या तर्कप्रधान दर्शनाने केलेला प्रयत्न. त्याचे रूढ रूप असे : ‘क्षिती, अंकुर इत्यादींना कर्ता आहे, कारण ती कार्ये (निर्माण झालेल्या वस्तू) आहेत, जसा घट.’ घडा कुंभारावाचून होत नाही, तशी पृथ्वीही कर्त्यावाचून झालेली नाही. आणि परमाणू ओळखून ते जुळवणारा हा कर्ता सर्वज्ञच असला पाहिजे.

सगळा भार ‘जे जे कार्य, त्याला त्याला कर्ता’ या व्याप्तीवर, म्हणजे अपवाद नसलेल्या नियमावर, आहे. बौद्ध तार्किक धर्मकीर्ती (७वे शतक) यांनी नेमके तिथेच बोट ठेवले. घडा मातीचा आणि तो कुंभार करतो, म्हणून मातीचा प्रत्येक आकार कुंभाराचा मानला, तर वारूळही त्यानेच केले म्हणावे लागेल! घडे कोण करतो हे आपल्याला पाहून ठाऊक असते. डोंगराबाबत तसे काहीच ठाऊक नसते. ईश्वरानुमानावरचा सर्वांत भेदक आक्षेप हाच म्हणावा लागेल. वेदनिष्ठ मीमांसक कुमारिल भट्टही सृष्टिकर्ता मानत नाहीत : करुणेपोटी सृष्टी केली म्हणावे, तर तिच्याआधी करुणा यावी असे दुःखी होते कोण?

मिथिलेचे नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) उदयनाचार्य (१०वे-११वे शतक) यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या ५ स्तबकांत (प्रकरणांत) या विरोधकांशी वाद घातला. ‘दिसत नाही, म्हणून नाही’ या चार्वाकाच्या (प्रत्यक्षच प्रमाण मानणाऱ्या नास्तिकाच्या) म्हणण्याला त्यांनी दिलेले उत्तर आजही विचारात घेण्याजोगे आहे. घराबाहेर पडलेल्या चार्वाकाला बायकामुले दिसत नाहीत. मग ती नाहीतच असे समजून त्याने ऊर बडवायचा का? न दिसण्यावरून अभाव ठरतो तो दिसण्याजोग्या वस्तूचाच. जमिनीवर घडा असता तर दिसला असता. ईश्वर दृश्य आहे असे कोणीच म्हणत नाही. त्यामुळे नास्तिकालाही नुसत्या न दिसण्यावर भागत नाही.

सांख्यसूत्रातील ‘ईश्वरासिद्धेः’ (ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून; १.९२) या सूत्रावर विज्ञानभिक्षूंनी (१६वे शतक) असाच बारकावा काढला : सूत्रकाराला ईश्वर नाही असे म्हणायचे असते, तर त्याने ‘ईश्वराभावात्’ (ईश्वर नाही म्हणून) म्हटले असते. असिद्ध आणि अभाव यांतला हा फरक आजच्या आस्तिक-नास्तिक वादांत फार सहज पुसला जातो.

ईश्वरानुमान नाकारणारे सगळे निरीश्वरवादी होते, असेही नाही. रामानुजाचार्य निस्सीम विष्णुभक्त, तरी ‘श्रीभाष्या’त (१.१.३) त्यांनी ते खोडून काढले. पृथ्वी, सागर वगैरे कार्ये मानली, तरी ती एकाच वेळी आणि एकानेच निर्माण केली हे कशावरून? ईश्वर कळतो तो शास्त्रातूनच, हे त्यांचे म्हणणे.