कंटूर वेगळा, ब्रेकलाइन वेगळी: प्लॅनवरून सर्फेस करणाऱ्यांसाठी

या महिन्यात तिसऱ्यांदा तीच फाइल आली. साइट वेगळी, कॉलनी वेगळी, पण चूक तीच: ग्रेडिंग प्लॅनवरचे (कुठे किती लेव्हल ठेवायची तो नकाशा) डिझाइन कंटूर उचलले, सर्फेसमध्ये (जमिनीचं संगणकातलं त्रिकोणांचं मॉडेल) टाकले, त्रिकोण झाले, दिसायला छान दिसतंय म्हणून साइटवर पाठवून दिलं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सर, कंटूर काय अन ब्रेकलाइन काय, दोन्ही रेषाच आहेत ना, दोन्हीला लेव्हल आहे." म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

कंटूर सगळ्यांना येतो. शाळेत भूगोलात समोच्च रेषा शिकलो, सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 च्या टोपोशीटवर साधारण 20 मीटरच्या टप्प्याने पाहिल्या, सारख्या उंचीचे बिंदू जोडणारी रेषा, झालं. त्यात वेळ घालवत नाही. फक्त एक गोष्ट मनात पक्की बसवा की डिझाइनमधला कंटूर हा आधी तयार झालेल्या सर्फेसवरून काढलेला असतो. डिझायनरने आधी रस्त्याचा ढाळ ठरवला, चेंबरच्या तोंडाची लेव्हल ठरवली, प्लिंथ (घराचं जोतं) ठरवली, आणि मग बघणाऱ्याला कळावं म्हणून कंटूर काढले, कितीदा तर ड्राफ्ट्समनने दिसायला चांगले दिसावेत म्हणून ते गोलसर पण केलेले असतात. त्यावरून परत सर्फेस बनवणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स.

आता ब्रेकलाइन. चौपाखी कौलारू छप्पर डोळ्यासमोर आणा. आढं, कोपऱ्यातले तिरपे वासे, खालची वळचण, एवढ्या रेषांच्या लेव्हल दिल्या की अख्खं छप्पर उभं राहतं, कारण मधली पाखं सरळच असतात. या झाल्या ब्रेकलाइन: जिथे उतार मोडतो ती धार. आणि कोपऱ्याचा वासा बघा, त्याच्या एका टोकाची लेव्हल वेगळी, दुसऱ्या टोकाची वेगळी. ब्रेकलाइन चढते, उतरते, कंटूर कधीच चढत उतरत नाही. त्याच छपरावर फूट-फूट उंचीला आडवे दोरे बांधले तर ते कंटूर, आणि आढं दोन दोऱ्यांच्या मध्ये आलं तर तुमच्या छपराचा माथाच कापला जाणार.

गोंधळ होतो तो सॉफ्टवेअरमुळे. सिव्हिल थ्रीडी असो की दुसरं काही, कंटूर डेटा टाकला की त्रिकोणाची बाजू कंटूर ओलांडत नाही, म्हणजे त्या रेषेला ते ब्रेकलाइनसारखंच वागवतं. लोकांना वाटतं काम झालं. पण रशियन गणिती डेलोने याच्या 1934 च्या नियमावर हे त्रिकोण पाडले जातात, त्याला फक्त शक्यतो अणकुचीदार नसलेले त्रिकोण हवे असतात, तिथे रस्त्याचा क्राउन (मधला उंच माथा) आहे की नाली आहे हे त्याला कुठून कळणार. ते तुम्ही सांगायचं असतं, ब्रेकलाइन टाकून.

हिशोब करून दाखवतो कारण त्याशिवाय पटत नाही. 7 मीटरचा साधा रस्ता घ्या, कॅंबर (मधून कडेकडचा आडवा उतार) 2.5 टक्के, लांबीतला ढाळ 1 टक्का, कंटूर 0.5 मीटरचे. क्राउन कडेपेक्षा वर किती? 3.5 मीटरवर 2.5 टक्के, म्हणजे 87.5 मिमी. कंटूरचा टप्पा 500 मिमी आणि पकडायचंय 87.5 मिमी, इथेच थांबून विचार करायला हवा. रस्त्यावर कंटूर इंग्रजी व्ही सारखा दिसतो, टोक क्राउनवर उताराकडे आणि दोन पाय कडांवर 8.75 मीटर चढाकडे. आता टोक आणि दोन पाय, तिन्ही बिंदू एकाच लेव्हलचे, सॉफ्टवेअर या तिघांना जोडून एक सपाट त्रिकोण करतं. टोकापासून 8.75 मीटर चढाकडे क्राउनवर जी लेव्हल 87.5 मिमी वर हवी ती कडेइतकीच येते. कॅंबर शून्य, लांबीतला ढाळ पण शून्य. आणि हे दर 50 मीटरला, कारण 1 टक्क्यावर अर्ध्या मीटरचा कंटूर 50 मीटरनेच येतो.

हे मी कागदावर शिकलो नाही. इंदूरला सुपर कॉरिडॉरच्या बाजूला एका कॉलनीचं काम होतं, मॉडेल बाहेरून करून आलेलं, आम्ही त्यावरून 5-5 मीटरवर लेव्हल काढून दिल्या आणि डब्ल्यूएमएम (रस्त्याचा ओल्या खडीचा थर) पसरलं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर गेलो तर रस्त्याच्या मधोमध पाणी. ग्रेडरवाला (थर लेव्हलला आणणाऱ्या मशीनचा ऑपरेटर) म्हणाला, "भिया, मैंने तो आपके लेवल पे ही काटा है." खरंच होतं ते. टेप धरून एका डबक्याच्या मधापासून पुढच्या डबक्याच्या मधापर्यंत मोजलं, जवळपास 50 मीटर. त्याच्या पुढचं पण 50. तेव्हा ऑफिसला येऊन त्रिकोण उघडून बघितले आणि प्रत्येक डबक्याखाली एक सपाट त्रिकोण सापडला. सगळं परत खरडून परत पसरलं, आणि त्या ऑपरेटरचा काहीही दोष नसताना आठवडाभर त्याच्याकडेच बोटं दाखवली जात होती याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या रस्त्याला लागत होत्या फक्त तीन रेषा: क्राउन आणि दोन कडा, चेनेजप्रमाणे (रस्त्याच्या लांबीतल्या अंतराप्रमाणे) लेव्हल टाकून. दहा मिनिटांचं काम.

यावर लोक दोन उपाय सांगतात आणि मला दोन्ही मान्य नाहीत. एक म्हणजे कंटूरच्या मध्ये 0.1 मीटरचे कंटूर भरून घेणे, तर ते भरणार कशावरून, त्याच चुकीच्या सर्फेसवरून. दुसरा म्हणजे सॉफ्टवेअरमधला सपाट भाग कमी करायचा ऑप्शन चालू ठेवणे. तो अंदाज लावतो, टेकडीला ठीक आहे, रस्त्याला नाही.

कर्बला (रस्त्याच्या कडेचा उंच दगड) तर कंटूर पूर्ण निकामी. 150 मिमीची उभी उडी, आणि सर्फेसमध्ये एका जागी एकच लेव्हल बसते, त्यामुळे खालची आणि वरची अशा दोन ब्रेकलाइन घ्यायच्या, वरची सेंटीमीटरभर मागे सरकवून. कोपऱ्याच्या वळणावर बिंदू जवळ घ्या, 6 मीटर रेडियसला 1 मीटरची जीवा घेतली तर मधोमध 21 मिमी फरक पडतो, अर्ध्या मीटरला 5. कंटूर रेषा झेड (उंची) शून्यावर काढलेल्या असतात तो प्रकार लगेच दिसतो, अख्खी साइट 550 मीटरवर आणि मध्ये पाताळात जाणारा खड्डा, ते काय सांगायचं. एफआरएल (तयार रस्त्याची लेव्हल) आणि फॉर्मेशन लेव्हल (त्याखालच्या मातीची लेव्हल) यातला फरक पण माहीतच असेल, क्रस्ट (रस्त्याच्या थरांची जाडी) वजा करायचा, 500 मिमी विसरलात तर एका एकराला 2000 घनमीटरवर माती चुकते.

जुन्या जमिनीसाठी, म्हणजे ओजीएलसाठी (जमिनीची मूळ लेव्हल), पॉइंट मिळतच नसतील तर कंटूर वापरा, माझी ना नाही. आपल्या मालव्याची काळी जमीन बरीचशी सपाटच आहे, त्यात फार बिघडत नाही. पण नाला आणि शेताचे बांध तिथेही ब्रेकलाइननेच.

मी आता डिझाइनचं काम आलं की कंटूरची लेयर आधी फ्रीझ करतो. स्पॉट लेव्हल, क्राउन, कडा, कर्ब, चेंबरची तोंडं, प्लिंथच्या कडा यावरून सर्फेस उभा करतो, मग त्यातून कंटूर काढतो आणि तेव्हा कुठे प्लॅनचे कंटूर चालू करून दोन्ही एकावर एक ठेवतो. जिथे जुळत नाहीत तिथे एक तर माझी रेषा सुटलीये नाहीतर प्लॅनमध्ये घोळ आहे. त्याच कॉलनीच्या दुसऱ्या फेजला बागेच्या कोपऱ्यात कंटूर जुळेचना, डिझायनरला फोन केला, तर 552.40 च्या जागी 554.20 टाइप झालेलं निघालं.