'अल्टिमा'ची गोष्ट एकट्या गॅरियटची नव्हे

'अल्टिमा' ही कॉम्प्युटर गेमची मालिका. तिचे जनक रिचर्ड गॅरियट म्हणजेच 'अल्टिमा', आणि त्यातलं सगळं लिखाण त्यांच्याच हातचं, असा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. पहिल्या काही भागांपुरता तो बराचसा खराही आहे. तेव्हा एकटा प्रोग्रॅमरच अख्खा गेम उभा करायचा. पण 1992 च्या 'अल्टिमा 7: द ब्लॅक गेट'ला तो लागू पडत नाही. जगाची कल्पना गॅरियट यांची, हे कबूल. मुख्य लेखक मात्र रेमंड बेन्सन होते. आणि हे काम एकहाती होणारं नव्हतंच, बेन्सन यांच्या हाताखाली लेखकांची एक तुकडी होती. तबेल्यातल्या खुनापासून सुरुवात होते. मग गावोगावच्या माणसांना बोलतं करत, 'फेलोशिप' नावाच्या गोडबोल्या पंथाचं खरं रूप उलगडत जायचं. संवाद पडले असते तर गेमच पडला असता!

गंमत म्हणजे, हेच बेन्सन 1997 पासून जेम्स बाँडच्या अधिकृत कादंबऱ्या लिहू लागले. बाँडच्या वाचकांना त्यांचं नाव पाठ, गेमवाल्यांना मात्र आठवत नाही.

'प्लेनस्केप: टॉरमेंट' (1999) या गेमचंही तेच. श्रेय ख्रिस अॅव्हेलोन यांना, ते रास्तच. पण सोबत लिहिणारे कॉलिन मॅककोम क्वचितच कुणाला आठवतात.